लोखंडाच्या ऑक्साइडचा स्फटिक जितका लहान तितकी बॅटरी चांगली, हे कितपत खरे आहे?

प्रयोगवही
यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या दोन विद्यार्थिनींनी विज्ञान प्रदर्शनासाठी लोखंडाच्या ऑक्साइडचा बॅटरीत उपयोग हा विषय घेतला आहे. हिराकस (फेरस सल्फेट) आणि फेरिक क्लोराइड यांचे द्रावण एकास दोन या रेणुप्रमाणात घेऊन त्यांनी त्यात अमोनिया सोडला. तळाशी बसलेला काळा साका त्यांनी धुऊन वाळवला आणि त्याचे दोन भाग करून एक ३०० अंश सेल्सिअसला, तर दुसरा ७०० अंशांना दोन-दोन तास तापवला. कमी तापवलेल्या भागातील स्फटिक लहान राहतील आणि जास्त तापवलेल्यातील वाढतील, एवढाच त्यामागचा विचार होता.

माझ्या ओळखीच्या एका संशोधक विद्यार्थ्याने दोन्ही भुकट्यांचे लिथियमसमोर बसणारे बटणाएवढे सेल बांधून तपासून दिले. ३०० अंशांच्या नमुन्याने पहिल्या डिस्चार्जला १००७ मिलिॲम्पियर-तास प्रति ग्रॅम या सैद्धांतिक क्षमतेपेक्षाही जास्त क्षमता दाखवली. मात्र चार्ज-डिस्चार्जच्या विसाव्या फेरीपर्यंत तो इतका खाली आला की ७०० अंशांचा नमुना त्याच्या पुढे गेला. लहान स्फटिक चांगला, असे मी स्वतः वर्गात सांगितले होते. हे वाक्य नेमके कुठे चुकते, ते जाणकारांनी सांगावे.

गावरान_शंका
सर, कापूस हिशेबापेक्षा जास्त भरला तर आमच्याकडे सर्वांत आधी काटा तपासतात. तुमच्या मित्राचा तराजू एकदा पाहून घ्यावा, अशी नम्र सूचना.

विद्युतविलेय
मी मूळची वाशिमची आहे आणि माझे संशोधन याच विषयाजवळचे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

काट्याचा दोष असेलच असे नाही. १००७ हा आकडा हेमाटाइटच्या, म्हणजे लोखंडाच्या लाल ऑक्साइडच्या, एका रेणूने सहा लिथियम आयन घेतले, असे धरून काढलेला आहे. एका मोलमागे एका इलेक्ट्रॉनचे २६,८०१ मिलिॲम्पियर-तास होतात. त्याला सहाने गुणून १५९.७ या रेणुभाराने भागले की हाच आकडा मिळतो. लिथियम बॅटरीत नेहमी वापरतात त्या ग्राफाइटची सैद्धांतिक क्षमता ३७२ आहे, आणि लोखंडाच्या ऑक्साइडचे आकर्षण त्या फरकामुळेच आहे. परंतु या हिशेबात फक्त ऑक्साइड धरलेले असते. व्होल्टेज एक व्होल्टच्या खाली उतरू लागले की कणाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटचेही (सेलमधील आयन वाहून नेणाऱ्या द्रावणाचेही) विघटन होते, त्याचा एक पातळ थर कणावर बसतो आणि त्यात खर्च झालेला विद्युतभार यंत्र मुकाट्याने क्षमतेतच मोजते.

आता पृष्ठभागाचा हिशेब पाहा. हेमाटाइटची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ५.२६ ग्रॅम आहे. सर्व कण १० नॅनोमीटर व्यासाचे गोल आहेत असे मानले, तर एका ग्रॅमचे पृष्ठफळ ११४ चौरस मीटर येते, म्हणजे साधारण पस्तीस-छत्तीस ग्रॅम भुकटीत एक एकर जमीन मावते. कण एक मायक्रोमीटरचे असतील, तर त्याच एका एकरासाठी साडेतीन किलो भुकटी लागेल. एवढ्या पृष्ठभागावर थर बसवायला जे लिथियम खर्च होते त्यातले बरेचसे परत मिळत नाही, आणि खऱ्या बॅटरीत लिथियम मोजकेच असते. तुमच्या पहिल्या फेरीतील जास्तीची क्षमता बहुधा अशी आलेली आहे. क्षमता पुढे घसरली कशी, याचे उत्तर मात्र एवढ्याने पूर्ण होत नाही.

निवृत्त_मास्तर
ताईंचे म्हणणे योग्य आहे, परंतु त्यामुळे लहान स्फटिकाची बाजू उगीचच दुबळी वाटू नये, म्हणून दोन गोष्टी जोडतो. आयनाला घन पदार्थातून जायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५०० नॅनोमीटरचा कण २० नॅनोमीटरचा केला, तर अंतर पंचवीस पटींनी घटते आणि वेळ ६२५ पटींनी. खोलीच्या तापमानाला घन ऑक्साइडमध्ये लिथियमची चाल इतकी मंद असते की हा फरक पुस्तकापुरता राहत नाही.

दुसरी गोष्ट स्फटिकाच्या रचनेची आहे. थॅकरे, डेव्हिड आणि गुडइनफ यांनी १९८२ साली दाखवले की हेमाटाइटमध्ये लिथियम शिरले की ऑक्सिजनच्या थरांची मांडणी षट्कोनी पद्धतीकडून घनाकार पद्धतीकडे सरकते. पुढे २००३ साली लार्शर, तारास्कों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २० नॅनोमीटरच्या आणि सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरच्या हेमाटाइटची तुलना केली. मोठ्या स्फटिकांत अगदी थोडे लिथियम शिरताच हा बदल सुरू झाला, आणि लहान स्फटिकांनी प्रत्येक रेणूमागे जवळजवळ एक लिथियम मूळ रचना न मोडता घेतले आणि परतही दिले. रासायनिक सूत्र तेच असताना केवळ आकारामुळे वागणूक बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

विद्युतविलेय
मास्तर, ते काम उत्तमच आहे, परंतु त्याची मर्यादाही सांगायला हवी. एका रेणूमागे एक लिथियम म्हणजे १६८ मिलिॲम्पियर-तास प्रति ग्रॅम, म्हणजे ग्राफाइटच्या निम्म्याहून कमी. सरांच्या विद्यार्थिनींनी सहा लिथियमपर्यंतची पूर्ण वाट चालवलेली दिसते, आणि त्या वाटेवर रचना टिकतच नाही. फ्रान्समधील आमियां येथे प्वाझो, तारास्कों आदींनी २००० साली ही परिवर्तन-अभिक्रिया प्रकाशात आणली. तिच्यात ऑक्साइड मोडून लोखंडाचे काही नॅनोमीटरचे कण आणि त्यांच्याभोवती लिथियम ऑक्साइड असा लगदा तयार होतो. चार्ज करताना पुन्हा लोखंडाचे ऑक्साइड बनते, पण पहिल्यासारखा रेखीव स्फटिक परत येत नाही.

काळीमाती
मी दारव्ह्याकडचा शेतकरी आहे, विज्ञान बारावीपर्यंतच शिकलो. शंका चुकीची वाटली तर सांभाळून घ्यावे. पहिल्याच डिस्चार्जमध्ये मूळ स्फटिक मोडून जर सगळ्यांचेच काही नॅनोमीटरचे कण होत असतील, तर तो सुरुवातीला लहान होता की मोठा याला पुढे काय किंमत राहते? पहिला दमदार पाऊस झाल्यावर नांगरटीचे ढेकूळ केवढे होते, हे कोणी विचारत नाही.

विद्युतविलेय
भाऊ, या धाग्यावरचा सर्वांत नेमका प्रश्न तुम्ही विचारला आहे.

स्फटिक मोडतो, पण ज्या कणात तो होता त्या कणाची जागा आणि बाह्य आकार लगेच पुसला जात नाही. एक मोल हेमाटाइट सुमारे ३०.४ घन सेंटीमीटर जागा व्यापते. त्याचे लोखंड आणि लिथियम ऑक्साइड झाले की हीच जागा ५८.७ होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चार्ज करताना ते पुन्हा आकसते. तुमच्या शेतातील काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे पावसाळा आणि उन्हाळा दिवसातून अनेकदा येतात. मोठ्या कणात बाहेरचा भाग आधी फुगतो, आतला तसाच राहतो आणि त्या ताणाने कण तडकतो. तडकलेल्या तुकड्यांचा भोवतीच्या कार्बनशी संपर्क तुटला की ते सेलमध्ये असूनही नसल्यासारखे होतात. लहान कणात आतबाहेर असा फरक फारसा पडत नाही, म्हणून तो सहसा तडकत नाही. शिवाय प्रत्येक भेगेत नवा पृष्ठभाग उघडा पडतो आणि त्यावर पुन्हा नवा थर बसून लिथियम खर्च होते.

तुमच्या उपमेतच बोलायचे, तर पावसाने ढेकूळ विरघळते हे खरे, पण पेरणी कोरड्यातच करायची असेल तर ढेकळाचा आकार पाहावाच लागतो. पहिला डिस्चार्ज ही इथली पेरणी आहे.

गावरान_शंका
मग तर सरांचा लहान स्फटिकच जिंकायला हवा होता, राजेहो!

आंबीलवाली
मी शास्त्राची विद्यार्थिनी नाही, परंतु ज्वारीचे पीठ जितके बारीक तितक्या आंबिलीत गुठळ्या जास्त होतात, हे मला माहीत आहे. वरून गुठळी ओली दिसते आणि फोडली की आत कोरडे पीठ निघते. तुमच्या भुकटीचे असे काही होत असेल काय?

विद्युतविलेय
होय ताई, अगदी असेच होते. दहा नॅनोमीटरचे कण सुटे राहत नाहीत. वाळवताना ते एकमेकांना धरतात आणि त्यांचे मायक्रोमीटरभर आकाराचे पुंजके होतात. इलेक्ट्रोलाइट पुंजक्याच्या आत पोहोचला तरी वीज वाहण्यासाठी मिसळलेली कार्बनची भुकटी (कार्बन ब्लॅक) पोहोचत नाही, आणि इलेक्ट्रॉनला आत जायला रस्ता उरत नाही. हेमाटाइट स्वतः विजेचा फार कमकुवत वाहक आहे. मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचे काळे ऑक्साइड, त्या मानाने पुष्कळच बरा. अशा वेळी स्फटिक १० नॅनोमीटरचा असूनही इलेक्ट्रोड मात्र मायक्रोमीटरच्या कणासारखा वागतो. अमेरिकेत एस्थर टाकेउची यांच्या गटाने मॅग्नेटाइटवर बरेच काम केले आहे. त्यात स्फटिकाचा आकार आणि पुंजक्याचा आकार हे दोन वेगळे प्रश्न म्हणून हाताळलेले दिसतात, आणि तसेच हाताळायला हवेत.

क्षकिरण
मी उमरेडचा आहे. आयुष्यातील बरीच वर्षे क्ष-किरण विवर्तनाच्या यंत्रापुढे बसलो. सगळा धागा वाचला, चर्चा उत्तम आहे, परंतु एक गोष्ट कोणीही विचारलेली नाही. प्रयोगवही सर, तुमचे स्फटिक लहान आणि मोठे होते, हे तुम्ही मोजले आहे की मानले आहे?

मोजणे अवघड नाही. पॉल शेरर यांचे १९१८ सालचे सूत्र आजही चालते. विवर्तनाची रेघ जितकी रुंद तितका स्फटिक लहान. तांब्याच्या नळीचा क्ष-किरण ०.१५४ नॅनोमीटरचा असतो. ३५.६ अंशांच्या कोनाजवळची हेमाटाइटची रेघ अर्ध्या उंचीवर ०.८ अंश रुंद भरली, तर स्फटिक सुमारे १० नॅनोमीटरचा, आणि ०.२ अंश भरली तर सुमारे ४० नॅनोमीटरचा निघतो. त्यातून यंत्राची स्वतःची रुंदी वजा करावी लागते आणि स्फटिकातील ताणामुळेही रेघ रुंदावते, हे विसरू नये. तांब्याच्या नळीवर लोखंडाचा नमुना ठेवला की तो स्वतःच चमकू लागतो आणि पार्श्वभूमी इतकी वर येते की नवखा माणूस रेघच शोधत बसतो. कोबाल्टची नळी मिळाली तर बरे.

सूक्ष्मदर्शकात दिसतो तो कण, आणि शेररच्या सूत्राने मिळतो तो स्फटिक. एका कणात शंभर स्फटिक असू शकतात. ताईंनी पुंजक्यांबद्दल लिहिले ते याच कारणाने महत्त्वाचे आहे.

आणि आता खरा प्रश्न. दोन्ही भुकट्यांजवळ चुंबक नेऊन पाहिले का?

प्रयोगवही
प्रामाणिकपणे सांगतो, आकार मोजला नव्हता, तापमानावरून मानला होता. चुंबक आज सकाळी नेऊन पाहिले. ३०० अंशांची भुकटी तपकिरी आहे आणि ती उडी मारून चुंबकाला चिकटते. ७०० अंशांची लाल आहे आणि ती जागची हलत नाही.

क्षकिरण
मग तुम्ही स्फटिकाच्या आकाराची तुलना केलेलीच नाही. तुम्ही दोन वेगळ्या पदार्थांची तुलना केली आहे.

अमोनियाने मिळालेला काळा साका मॅग्नेटाइट होता. हवेत ३०० अंशांना तापवल्यावर त्याचे मॅगेमाइट झाले. सूत्र हेमाटाइटचेच, परंतु रचना मॅग्नेटाइटसारखी, म्हणून ते चुंबकाला चिकटते. ७०० अंशांना मात्र ते हेमाटाइट होते, म्हणजे आपल्या अंगणातला गेरू. आकारही बदलला असणार, यात शंका नाही, परंतु एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की श्रेय कोणाला द्यायचे आणि दोष कोणाचा, हे ठरवता येत नाही.

विद्युतविलेय
हे मी आधीच विचारायला हवे होते. आणखी एक शंका मनात येते. ३०० अंशांना तापवलेल्या भुकटीच्या पृष्ठभागावर पाण्याचे आणि हायड्रॉक्सिलचे अंश शिल्लक राहतात आणि धुणे कमी पडले असेल तर क्लोराइड, सल्फेटही राहतात. लिथियम सेलच्या इलेक्ट्रोलाइटमधील मीठ ओलाव्याने बिघडून हायड्रोजन फ्लोराइड तयार होते. त्यामुळे विसाव्या फेरीतली घसरण आकारामुळे झाली, रचनेमुळे झाली की ओलाव्यामुळे, हे या प्रयोगावरून सांगता येणार नाही.

संत्राबाग_वरुड
आणखी एक गोष्ट नजरेस आणून देतो. संत्र्याची पाने पिवळी पडली की आम्ही हिराकस फवारतो, म्हणून त्याची पोती आमच्या घरी नेहमीची. पोते उघडे राहिले की हिरव्या खड्यांवर वरून तपकिरी साय धरते. तो भाग आधीच फेरिक झालेला असतो. मुलींनी कृषी केंद्रातील हिराकस वापरले असेल, तर एकास दोन हे प्रमाण वजनाने बरोबर असूनही प्रत्यक्षात बिघडलेले असू शकते.

प्रयोगवही
कृषी केंद्रातीलच होते. तपकिरी खडे मुलींनी वेचून काढले होते, असे त्या सांगतात, परंतु आता मी कशाचीच खात्री देत नाही.

एटापल्लीकर
आमच्या तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर हेमाटाइटच हेमाटाइट आहे. मुलांनी रसायने विकत आणण्यापेक्षा ते खनिज खलबत्त्यात कुटून वापरले तर चालणार नाही का?

क्षकिरण
कुटून मायक्रोमीटरच्या खाली जाणे फार अवघड आहे. गोळ्यांच्या चक्कीत तासन् तास दळले तर स्फटिक काही दहा नॅनोमीटरपर्यंत येतात, परंतु त्यांच्यात ताण भरतो, चक्कीचे लोखंड मिसळते आणि खनिजातील सिलिका, ॲल्युमिना तसेच राहतात. पोलाद बनवायला जे खनिज उत्तम, ते इलेक्ट्रोडला उत्तम असेलच असे नाही.

काळीमाती
विषय थोडा बाजूला नेतो, सांभाळून घ्यावे. माझ्या फवारणी पंपाची बॅटरी कपाशीचा हंगाम संपल्यावर तशीच पडून राहिली आणि पुढच्या आषाढात चार्जच घेईना. दुकानदार म्हणाला, आतले खडे मोठे झाले. हाही स्फटिकाच्या आकाराचाच प्रकार आहे काय?

निवृत्त_मास्तर
काळीमाती भाऊ, तुम्ही विषय बाजूला नेलेला नाही. फवारणी पंपात बहुधा शिसे-आम्लाची बॅटरी असते. डिस्चार्ज होताना तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे बारीक स्फटिक बसतात आणि लगेच चार्ज केले तर ते विरघळून परत जातात. बॅटरी रिकामी पडून राहिली की बारीक स्फटिक हळूहळू विरघळत जातात आणि त्यांच्या जिवावर मोठे वाढतात. मोठ्या स्फटिकाचा पृष्ठभाग कमी, शिवाय लेड सल्फेट वीज वाहत नाही, त्यामुळे चार्जर लावूनही ते हलत नाहीत. हंगाम संपताच पूर्ण चार्ज करून ठेवावी आणि मधून मधून चार्ज देत राहावे, एवढाच उपाय आहे.

लोखंडाच्या जुन्या बॅटरीतही असेच आहे. युंग्नर यांनी स्वीडनमध्ये आणि एडिसन यांनी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी निकेल-लोखंडाची बॅटरी पुढे आणली. तिच्या लोखंडी इलेक्ट्रोडवर तयार होणारे हायड्रॉक्साइड इलेक्ट्रोलाइटमध्ये किंचित विरघळून पुन्हा बसते, आणि कुठे व केवढ्या आकारात बसते यावर तिची क्षमता बरीच अवलंबून असते. सरांच्या मुलींना लिथियमसाठी दर वेळी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागू नये, असे वाटत असेल, तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातील हा सेल शाळेच्या प्रयोगशाळेतही बांधता येईल. हातमोजे आणि चष्मा मात्र सक्तीचे. त्यात लिथियमची उत्तरे मिळणार नाहीत, वेगळी मिळतील, हे मुलींना आधी सांगावे.

विद्युतविलेय
सरांच्या मूळ प्रश्नाकडे परत येते. नव्याने करायचे असेल तर हिराकस सोडून केवळ फेरिक क्लोराइडपासून साका काढावा. तो तापवल्यावर थेट हेमाटाइट होतो. त्याचे तीन भाग ४५०, ६०० आणि ७५० अंशांना तापवावेत, म्हणजे तिन्ही हेमाटाइटच राहतील आणि बदलेल तो प्रामुख्याने स्फटिक. क्लोराइड निघून जाईपर्यंत धुवावे, आणि सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने ते तपासता येते. तिन्हींत कार्बनचे आणि भुकटी धरून ठेवणाऱ्या बाइंडरचे प्रमाण सारखे ठेवावे. बाइंडर म्हणून सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) घ्यावे, कारण फुगणाऱ्या ऑक्साइडला ते बहुधा चांगले धरून ठेवते. तांब्याच्या पत्र्यावर दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिग्रॅम माल बसला, हेही लिहून ठेवावे, नाहीतर जाड थराचा दोष स्फटिकाच्या माथी मारला जाईल.

माझा अंदाज विचाराल, तर ४५० अंशांचा नमुना पहिल्या फेरीत सर्वांत जास्त क्षमता दाखवेल आणि तितकीच जास्त गमावेल, आणि टिकून राहण्यात मधला पुढे जाईल. परंतु पुंजके कसे पडतात त्यावर हा अंदाज सहज खोटा ठरू शकतो.

गावरान_शंका
म्हणजे दोन्ही टोके बुडीत आणि मधलाच बरा. आमच्या घरी तिघा भावांत हे कोणी मानत नाही.

निवृत्त_मास्तर
मधला कोणता, हे पदार्थागणिक बदलते, शंकाराव. आणि फेऱ्यांनंतर टिकला तरी डिस्चार्ज आणि चार्ज यांच्या व्होल्टेजमधील मोठी तफावत लोखंडाच्या ऑक्साइडला सोडत नाही. डिस्चार्ज ०.८ व्होल्टच्या आसपास होतो आणि चार्ज दीडच्या वर जाऊन. भरलेल्या ऊर्जेचा बराच भाग उष्णतेत जातो. स्फटिक लहान करून ही तफावत थोडी घटते, मिटत नाही. लोखंडाच्या ऑक्साइडची ही ऋणाग्रे (बॅटरीचे ऋण इलेक्ट्रोड) अजून बाजारात का दिसत नाहीत, हे प्रदर्शनात कोणी विचारले तर मुलींनी हेच सांगावे.

प्रयोगवही
सर्वांचे आभार. काल रात्री मुलींशी बोललो. तेव्हा एक गोष्ट नव्याने कळली. ७०० अंशांची भुकटी तापवताना भारनियमनामुळे वीज चाळीस मिनिटांतच गेली होती आणि ती परत आल्यावर त्यांनी भट्टी पुन्हा सुरू करून उरलेला वेळ भरून काढला होता. वहीत मात्र सरळ दोन तास लिहिले आहे. मी त्यांना रागावलो नाही, कारण आकार न मोजता मीही पहिल्या पोस्टमध्ये लहान आणि मोठे स्फटिक असे ठामपणे लिहिलेच होते. आता ४५०, ६०० आणि ७५० असे तीन भाग करू. भट्टीसाठी गावातील मंडपवाल्याचा जनरेटर मागितला आहे. तुळशीच्या लग्नापर्यंत तो रिकामा आहे, नंतर लग्नसराईत मिळणार नाही, म्हणून येत्या रविवारीच भट्टी लावतो.

क्षकिरण
तिन्ही नमुने माझ्याकडे पाठवा, ओळखीच्या ठिकाणी रेघा काढून देतो. प्रत्येकी अर्धा ग्रॅम पुरे. काचेच्या झाकणाच्या बाटलीतच पाठवा. मागे एकाने कागदाच्या पुडीत पाठवले होते आणि घरी ते गेरू समजून तुळशीवृंदावनाला लावले गेले.